जॉर्ज राजा 'वेडा नव्हताच' म्हणे

परत तो मेसेज फिरतोय. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या आजारपणावरचं ॲलन बेनेटचं 'द मॅडनेस ऑफ जॉर्ज द थर्ड' हे नाटक, त्यातला एक फोटो आणि खाली मजकूर : राजा वेडा नव्हताच, त्याला पोर्फिरिया नावाचा रक्ताचा आजार होता, निळी लघवी हा पुरावा, या आजारापायीच अमेरिका हातची गेली आणि शेवटी डॉ. विलिस या वेड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या कडक शिस्तीने तो बरा झाला. आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला म्हणून आता लिहितेच.

अमेरिकेचं लगेच संपवू. अमेरिकेत यॉर्कटाउनच्या लढाईत इंग्रज हरले १७८१ ला, तह झाला १७८३ ला, आणि नाटकातलं आजारपण आहे १७८८ च्या हिवाळ्यातलं. पाच वर्षं आधीच अमेरिका गेलेली होती. झालं.

आता निळी लघवी. पोर्फिरियाची थिअरी मांडली आयडा मॅकअल्पाइन आणि रिचर्ड हंटर या मायलेकांनी, १९६६ मध्ये, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ. बेनेटचं नाटक १९९१ चं, तेव्हा हीच थिअरी चलनात होती आणि १९९४ च्या सिनेमाच्या शेवटी तर तशी पाटीच येते, त्यामुळे लोकांना ते सिद्ध झालंय असं वाटणं साहजिक आहे. पण पुढे टिमोथी पीटर्स वगैरे संशोधकांनी डॉक्टरांच्या मूळ नोंदी परत वाचल्या आणि सांगितलं की सोयीची लक्षणं तेवढी उचललीयेत, बाकीची सोडून दिलीयेत. पोर्फिरियात लघवी सहसा लालसर, जांभळट, गडद होते. आणि राजाला जेन्शियनचं औषध चालू होतं, म्हणजे आपल्या काडेचिराईताच्या कुळातली कडू वनस्पती, निळसर रंग त्यानेही आला असेल असं हे संशोधक म्हणतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठाच्या लोकांनी तर राजाची पत्रं तपासली, बरा असतानाची आणि आजारातली, आणि आजारातली भाषा त्यांना मॅनियाशी, म्हणजे मन बेफाम उसळतं त्या अवस्थेशी, जुळणारी वाटली. तो तासन्‌तास न थांबता बोलायचा, झोप नाही, घसा बसला तरी बोलणं चालूच, नाटकातही ते आहे आणि ज्याने घरात मॅनिया बघितलाय त्याला तो प्रवेश बघताना पोटात कालवतं. दोनशे वर्षांनी पक्कं निदान कोणीच करू शकत नाही हे मान्य, पण आज पारडं बायपोलरकडे, म्हणजे मॅनिया आणि नैराश्याच्या लाटा येतात त्या मनाच्या आजाराकडे, झुकलेलं आहे.

विलिसचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा येतो. ५ डिसेंबर १७८८ ला तो क्यूच्या राजवाड्यात आला, राजाला स्ट्रेटजॅकेट म्हणजे हात जखडून ठेवणारा अंगरखा घातला, खुर्चीला बांधलं (राजा त्या खुर्चीला आपली राज्याभिषेकाची खुर्ची म्हणायचा), उपचार म्हणून पायांवर मुद्दाम फोड आणले गेले, आणि फेब्रुवारीत राजा सावरला. मग शिस्तीनेच सावरला ना? अहो, पण १८०१ ला आजार उलटला, तेव्हा विलिसची मुलं आली, १८०४ ला आजार परत आला, आणि १८१० ला लाडकी मुलगी अमेलिया गेली त्या सुमारास आला तो कायमचाच. विलिसची मुलं तेव्हाही होती, काही उपयोग झाला नाही. मॅनियाची लाट बऱ्याचदा आपली आपण ओसरते, श्रेय मात्र बांधणाऱ्याला. नाटक बरं होण्यावर संपतं म्हणून पुढची वर्षं लोकांना माहीतच नसतात. आपल्याकडे १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा इंग्लंडच्या गादीवर नावाला हाच राजा होता, विंडसरमध्ये आंधळा, कानांनी अधू, कारभार मुलाकडे. १८२० ला गेला.

आणि आता ते पहिलं वाक्य, 'वेडा नव्हताच, रक्ताचा आजार होता'. माझ्या मामाला बायपोलर आहे, वीस वर्षं गोळ्या घेतोय, नोकरी करून रिटायर झाला. तोही त्याच ग्रुपवर आहे. मेसेज आला की खाली लगेच कोणीतरी लिहितं 'बिचारा, उगाच बदनाम झाला', म्हणजे मनाचा आजार असता तर बदनामी रास्त होती का? रक्ताचा आजार निघाला की सुटका आणि मनाचा निघाला की कलंक, हे त्या मेसेजमध्ये न लिहिता लिहिलेलं आहे. मामा ते वाचतो, काही बोलत नाही, मोबाइल उलटा ठेवतो.