यंदा चारच पुस्तके झाली

आज दुपारी तालुक्याच्या गावी एका शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता. वर्षभरात साठ पुस्तके वाचणाऱ्या एका मुलाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि त्यानंतर सूत्रसंचालकांनी माइक माझ्यासमोर धरून विचारले, "भाऊ, तुम्ही तर जुने वाचक, तुमची यंदा किती झाली?" मी खरे ते सांगितले, की मृगापासून आजपर्यंत चार. सभागृहात हशा पिकला. एसटीत बसून घरी येईपर्यंत तो माझ्या कानातून गेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पुस्तके म्हणजे काय तुरीची पोती आहेत, की काट्यावर चढवली, पावती घेतली आणि मोकळे झाले? व्यासपीठावरच्या तिन्ही वक्त्यांनी साठ हा आकडा निदान दहा वेळा उच्चारला; पण त्या साठांपैकी एकाही पुस्तकाचे नाव त्यांच्यापैकी कोणी घेतले नाही, आणि हे समोरच्या कोणाला खटकलेही नाही.

माझ्या चारांतले एक पुस्तक मी मायला वाचून दाखवले. पोळ्यानंतर तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि महिनाभर धूळ नको, धूर नको, वावरात तर मुळीच जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. जिने उभ्या जन्मात निंदणाचा एक दिवस चुकवला नाही, ती बाई ओसरीत काळा चष्मा लावून बसली आणि दोन दिवसांत सगळ्या घरावर चिडू लागली. तिला अक्षरओळख नाही. तेव्हा मी उद्धव शेळके यांची १९६० साली आलेली 'धग' ही कादंबरी काढली. संवाद वऱ्हाडीतले आहेत, तेवढे तरी तिला आपले वाटतील, एवढाच माझा हिशेब होता.

पहिल्या संध्याकाळी तिने मला चार वेळा थांबवले. मी शाळेत शिकलेल्या जिभेने वऱ्हाडी वाचत होतो आणि ती प्रत्येक हेल दुरुस्त करत होती.

बाकीच्या तीन पुस्तकांचा हिशेब लवकर देतो. मृगातच, १८ जून २०२५ला, वनाधिकारी आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्ली गेले, म्हणून गावातल्या ग्रंथालयाच्या एकुलत्या एका कपाटातून त्यांचे पुस्तक आणले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही आपलीच राने या सोलापूरच्या माणसाने आपल्याला दाखवली. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी 'सारंगागार' असा शब्द दिला. आमच्या नाल्यावरच्या चिंचेवर दर पावसाळ्यात बगळे घरटी करतात आणि खाली पडणाऱ्या घाणीवरून आम्ही शेजारी भांडतो. त्या भांडणाच्या जागेला इतके देखणे नाव असू शकते, हे कळल्यावर मी रोज सकाळी तिथे जाऊन उभा राहू लागलो. त्यामुळे दोनशे-अडीचशे पानांना तीन आठवडे लागले. 'ग्रामगीते'चे एकेचाळीस अध्याय रोज एक याप्रमाणे झाले. 'लीळाचरित्र' मात्र अर्धेच कळले. रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही. चक्रधर स्वामींच्या आठवणी माणसामाणसांना विचारून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तिथे लिहून काढल्या, आणि ती मराठी मला अडखळत वाचावी लागते, याची लाज वाटली.

पण 'धग'. नायिका कौतिकच्या घरातली ओढाताण वाढू लागली तशी माय दुरुस्त्या करायची थांबली. एके रात्री मी पान उलटले, तर म्हणाली, "आज राहू दे. पुढचं मले मालूम हाय." तिला पुढचे कसे मालूम असणार, असे मी विचारणार होतो, विचारले नाही. नंतरचे तीन दिवस तिने पुस्तकाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी दिवेलागणीला आपणच विचारले, "लेकरायले जेवाले भेटलं का तिच्या?" आणि आम्ही पुढे वाचू लागलो. कौतिकच्या नवऱ्याला, महादेवला, तिने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत; त्यांतल्या काही माझ्या दिवंगत वडिलांना उद्देशून होत्या, असा माझा संशय आहे. ते पुस्तक संपायला बेचाळीस दिवस लागले. डोळा त्याआधीच बरा झाला होता, तरी ती दिवसा वावरात जाऊन संध्याकाळी ओसरीत येऊन बसत होती.

मोजल्यामुळे काही मुले वाचायला लागतात, हे मान्य करतो. मीही बेचाळीस दिवस मोजलेच की.

आता लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. त्या मुलाचा यात काहीच दोष नाही. उलट, सगळे हसत होते तेव्हा तो हसला नव्हता. शाल सांभाळत माझ्याकडे नुसता पाहत होता. कार्यक्रम संपल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते, पण मी रुसून सरळ स्टँडवर गेलो. या वयात हे शोभत नाही.

घरी आल्यावर मायला सगळे सांगितले. साठ पुस्तकांचे तिला काही विशेष वाटले नाही. कापसाच्या बोंडांतून कचरा वेचता वेचता तिने एवढेच विचारले, "मंग त्या पोरानं कौतिकची वाचली काय?"

पुस्तक अजून आमच्याच घरी, देव्हाऱ्याजवळच्या फळीवर आहे. ग्रंथालयाची मुदत केव्हाच टळली. सोमवारी ते परत करून त्या मुलाच्या नावावर काढून देता येईल का, हे विचारून येतो.