भिंतीच्या अलीकडची नीना

जर्मन पंक गायिका नीना हागेनचा विषय निघाला की गोष्ट हमखास १९७६ पासून सुरू होते. एकवीस वर्षांची मुलगी पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेला आली, लंडनला जाऊन पंक, म्हणजे तिथलं बंडखोर रॉक संगीत, ऐकलं, परत येऊन बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्गमध्ये बँड जमवला आणि १९७८ च्या पहिल्याच अल्बमने जर्मन रॉकची घडी विस्कटून टाकली. थोडक्यात काय, तर बर्लिनची भिंत ओलांडली आणि गायिका जन्माला आली. मला हे अजिबात पटत नाही. ती पलीकडे गेली तेव्हा तिचा गळा तयार होता, आणि तो पूर्व बर्लिनमध्ये तयार झाला होता.

जन्म ११ मार्च १९५५ चा, पूर्व बर्लिनमधला. आई एव्हा-मारिया हागेन तिकडच्या सिनेमातली मोठी नटी. वडील हान्स पटकथा लिहायचे. वडिलांचे वडील ज्यू वंशाचे, बँकेच्या व्यवसायातले. १९४२ साली साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा नीना लहान होती.

मग आईचा जोडीदार म्हणून घरात आला वोल्फ बीअरमान. कवी, गिटार घेऊन गाणारा, स्वतःला कम्युनिस्ट म्हणवून कम्युनिस्ट सरकारवरच टीका करणारा, आणि म्हणूनच त्याच्या डोळ्यांत जास्त खुपणारा. डिसेंबर १९६५ मध्ये त्याच्यावर बंदी आली. जाहीर गायचं नाही, काही छापायचं नाही. नीना तेव्हा दहा वर्षांची. बीअरमान गात राहिला, पण स्वतःच्या फ्लॅटमध्ये. १९६८ च्या सुमारासची त्याची रेकॉर्ड तिथेच ध्वनिमुद्रित झाली. ती ऐकताना गिटारच्या मागे रस्त्यावरची रहदारी ऐकू येते. खिडकीबाहेर शहर चाललंय आणि आत एक माणूस गातोय, ज्याला त्या शहरात गायची मनाई आहे. अशा माणसाच्या सावलीत जी मुलगी वाढते, तिला गाणं म्हणजे नुसती करमणूक कशी वाटेल? आईलाही या नात्याची किंमत मोजावी लागली. भूमिका मिळेनाशा झाल्या, घरावर पाळत आली.

बंडखोर म्हटलं की आपल्याकडे लगेच 'रियाज न करणारा' असं गृहीत धरतात. नीनाचं तसं नव्हतं. अभिनयाच्या सरकारी शाळेत तिला प्रवेश मिळाला नाही. ती पोलंडला जाऊन गायली, बर्लिनला परतून वाद्यवृंदात गायली, मग सरकारच्याच संस्थेत वर्षभराचा गायनाचा अभ्यासक्रम केला. तिथे पैसे घेऊन गायचं तर परवाना लागायचा. परीक्षकांसमोर गाऊन दाखवायचं, मग श्रेणी ठरणार, आणि श्रेणीप्रमाणे मानधन. कार्यक्रमातली साठ टक्के गाणी समाजवादी देशांमधलीच हवीत असाही नियम होता. या चाळणीतून ती पार पडली. १९७४ साली ती सरकारमान्य श्लागर-गायिका झाली. श्लागर म्हणजे जर्मन घराघरांत चालणारी हलकीफुलकी गाणी.

त्याच वर्षी आउटोमोबील या बँडबरोबर तिचं 'डू हास्ट डेन फार्बफिल्म फेरगेसन' आलं. 'तू रंगीत फिल्म विसरलास.' हे गाणं मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय, तरी मन भरत नाही. बाल्टिक समुद्रातलं हिडेनझे बेट, सुट्टीला गेलेलं जोडपं. त्यातल्या मिशाएलने कॅमेऱ्याचा रंगीत रोल आणलाच नाही. त्याची मैत्रीण इतकी चिडते की अनवाणी पाय वाळूत आपटते, तिच्या आरडाओरड्याने ससे बिळातून डोकावतात. आता इथे किती सुंदर होतं यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे तिचं दुःख. निळं, पांढरं, हिरवं सगळं काळ्या-करड्या फोटोंत जाणार.

ज्यांना जुन्या हिंदी सिनेमांच्या नामावलीतला 'ओर्वोकलर' हा शब्द आठवतो, त्यांनी इथे थांबावं. ती फिल्म पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्यातली. तोच हा देश. लोक हे गाणं ऐकून हसले, नाचले, आणि करड्या दिवसांत कुणाला रंग हवे आहेत हे त्यांना न सांगता कळलं. नीना तेव्हा एकोणीस वर्षांची. आवाज मुद्दाम लहान मुलीसारखा कुरकुरता ठेवलाय आणि मध्येच असा काही उसळवलाय की तिची ताकद लपत नाही. त्यात सरकारवर एकही शब्द नाही. परवानगी देणाऱ्यांना बोट ठेवायला जागाच सापडली नसेल, असं मला नेहमी वाटतं.

२ डिसेंबर २०२१ ला जर्मनीच्या मावळत्या चान्सलर आंगेला मेर्केल यांना लष्कराने निरोपाचा संचलन-समारंभ दिला. मशाली, शिरस्त्राणं, कडक थंडी. निवृत्त होणाऱ्याने गाणी निवडायची असा रिवाज आहे. मेर्केल पूर्व जर्मनीत वाढलेल्या, त्यांनी तीनपैकी एक हे निवडलं. आपल्या तरुणपणातला तो आनंदाचा क्षण होता, आणि गाण्यातलं बेट आपल्या मतदारसंघात होतं, असं त्या म्हणाल्या. लष्कराच्या बँडला त्यासाठी नवी स्वररचना करावी लागली. मी ते लाइव्ह पाहिलं आणि रडले, हे सांगायला मला लाज नाही.

आता १९७६. बीअरमानला ११ वर्षांनी पश्चिमेत गायची परवानगी मिळाली. १३ नोव्हेंबरला कोलोनमध्ये तो गायला आणि तीन दिवसांत पूर्व जर्मनीने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. घरी परतायचे दोर कापले. नीनाने देश सोडण्याचा अर्ज केला. त्यात स्वतःला बीअरमानची मुलगी म्हणवलं आणि जाऊ दिलं नाही तर पुढची बीअरमान मी होईन असा इशारा दिला. एकविसाव्या वर्षी, त्या सरकारला, लेखी! वर्ष संपायच्या आत ती बाहेर होती.

तेव्हा पहिल्यांदा ऐकणार असाल तर कृपा करून १९७८ च्या अल्बमपासून सुरुवात करू नका. आधी फार्बफिल्म ऐका, दोनदा. मग त्या अल्बममध्ये गुरगुरता गुरगुरता ती अचानक ऑपेराच्या सुरात जाते ना, ती जागा ऐका. वाळूत पाय आपटणारी तीच मुलगी आहे.