माझा विरोध नोंदवून घ्या

"बहुमत असताना मतविभाजन कशाला हवं? आवाजी मतदानाने काम होतं, वेळ वाचतो. तिकडे बसून तुला कसला त्रास?" घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने हे लिहिलं, त्याला आता बरेच दिवस झाले. तरी ते डोक्यातून जात नाही.

विषय महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचा होता, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांविरुद्ध सरकारने आणलेल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. म्हणजे 'होय'-'नाही'च्या आवाजावरून; मतविभाजनात मोजतात तशी मतं मोजली नाहीत. त्याआधी संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या. इतक्या लोकांनी मत लिहून कळवलं आणि २८८ जणांच्या सभागृहात कोण कुठल्या बाजूला होतं याची यादीच नाही. डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला, हे बातम्यांतून कळलं. आमच्या नाशिक जिल्ह्याचे १५ आमदार आहेत. त्यांच्यातलं कोण 'होय' म्हणालं, कोण गप्प राहिलं, कोण त्या वेळी बाहेर चहा पीत होतं, हे मी कुठे शोधू? दादा, त्रास याचा होतो.

वेळेचं म्हणशील तर ४ जुलै २०२२ आठव. शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली. एकेक आमदार जागेवर उभा राहिला, मोजला गेला. १६४ विरुद्ध ९९. हे आकडे तुला अजून तोंडपाठ असतील. खुर्ची राहते की जाते हे ठरवायला वेळ होता. सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेल्या कायद्याला मात्र नाही?

मी राहते त्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पावणेचौदा लाखांच्या आसपास होती. नाशिक शहर २०११ लाच त्याच्या पुढे होतं. आणि इथल्या प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य. मानधन वर्षाला शंभर डॉलर. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते, कोणीही जाऊन बोलावं. पाळणाघरांच्या परवान्याचं एक बिल होतं, तेव्हा मी राजधानीला, कॉन्कॉर्डला, गेले होते. फेब्रुवारीतला चिखल-बर्फ, बूट ओले, हातात कागद. तीन मिनिटं बोलले. माझा उच्चार ऐकून कोणी भुवई उंचावली नाही.

पुढे सभागृहात रोल कॉल झाला, म्हणजे प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं गेलं, आणि आमच्या गावच्या प्रतिनिधीचं नाव मला विरोधाच्या बाजूला दिसलं. शनिवारी ट्रान्स्फर स्टेशनवर, म्हणजे गावाच्या कचरा केंद्रावर, तो पुठ्ठे टाकत होता. मी तिथेच विचारलं. त्याने हातातले पुठ्ठे खाली ठेवले आणि दहा मिनिटं कारणं सांगितली. मला ती पटली नाहीत. पण विचारता आलं, कारण नाव छापलेलं होतं. आवाजी मतदान इथेही होतं, रोज होतं, हे मान्य. मुद्द्याचं बिल असलं की मात्र कोणीतरी रोल कॉल मागतंच.

"अमेरिकेचं कौतुक पुरे," असं दादा म्हणणार, मला ठाऊक आहे. पण हे मी अमेरिकेत शिकले नाही. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये व्हायची, लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. "मंजूर, मंजूर" असा गलका झाला की आमचे अण्णा उठून उभे राहायचे. "सेक्रेटरीसाहेब, माझा विरोध नोंदवून घ्या. नावासकट." एकदा पाण्याच्या टाकीच्या खर्चावर ते एकटेच विरोधात होते. इतिवृत्तात नाव लिहून होईपर्यंत ते खाली बसले नाहीत. मागे चिवड्याच्या बशा आल्या होत्या, सगळे ताटकळले होते, आणि मला लाज वाटत होती. दादा, तूही होतास तिथे. तू तेव्हा अण्णांच्या शेजारी जाऊन उभा राहिला होतास.

म्हणूनच त्याने परवा विचारलेलं फार लागलं. "आमदाराचं नाव यादीत हवं म्हणतेस. तुझं कुठल्या यादीत आहे?"

कुठल्याच नाही. ग्रीन कार्डवर इथे मत देता येत नाही. भारताचं नागरिकत्व मी सोडलेलं नाही. परदेशातल्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, मात्र मत द्यायला स्वतः पासपोर्ट घेऊन केंद्रावर जावं लागतं. २० नोव्हेंबर २०२४ ला दादा आईला हात धरून शाळेतल्या बूथवर घेऊन गेला. शाई लावलेल्या दोन बोटांचा फोटो ग्रुपवर आला. मी त्याला हृदय पाठवलं आणि कामाला लागले. विमानाची तिकिटं मी लग्नांसाठी काढली, मुंजींसाठी काढली, मतदानासाठी एकदाही नाही. यादीत नावच नव्हतं, तर तिकीट कशाचं काढणार?

काल रात्री फॉर्म ६ अ उघडला, परदेशातल्या भारतीयांनी मतदार यादीत नाव नोंदवायचा. पत्ता पंचवटीचाच भरला, पासपोर्टवर तोच आहे. पुढे विचारलंय, राहत्या ठिकाणापासून कधीपासून अनुपस्थित, आणि कारण काय. कारणाच्या रकान्यात नोकरी लिहिलं. तारीख मला आठवत होती, तरी आईला फोन करून विचारून घेतली.