करवीरकर यांना उत्तर: 'एक नंबर मोठा घ्या, दोन जाड मोजे घाला'

फिगर स्केट्सवरच्या (बर्फावर घसरायच्या, तळाला ब्लेड लावलेल्या बुटांवरच्या) लेखाखाली 'करवीरकर' नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: "वाचून करमणूक झाली. कोल्हापुरात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर मिळतो. चाळिशीत शिकणाऱ्याने बुटावर एवढा खर्च करायचा म्हणजे श्रीमंती चोचले. एक नंबर मोठा घ्या, दोन जाड मोजे घाला, विषय संपला. धार काय, कुठंही लावून मिळते."

साहेब, पटलं नाही तर पटलं नाही म्हणा. 'करमणूक झाली' ही कुठली रीत? आणि इथे रिंक, म्हणजे स्केटिंगचं बर्फाचं मैदान नाही, हे सांगायला टोमणा कशाला हवा? लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ते लिहिलंय. सिमल्याची उघडी रिंक 1920 पासून आहे, ती थंडीतच चालते. देहरादूनची बंदिस्त रिंक 2011 ची. इथला माणूस तिकडे जायचा तर प्रवासात आणि राहण्यात किती जातात, याचा हिशोब तुम्हीच करा. एवढं करून पोचल्यावर ढगळ बुटात पाय घालून तास वाया घालवायचा, याला काटकसर म्हणत असाल तर म्हणा बापडे.

एक मान्य करतो. पहिले दोन-चार तास भाड्याच्या जोडीवर काढायला हरकत नाही. आवड टिकते का, ते तेवढ्यात कळतं.

आता ते 'एक नंबर मोठा'. आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचं काम झालंय, स्केट्सच्या दुरुस्त्याही हातून बऱ्याच गेल्यात, म्हणून हे वाक्य वाचून राहवलं नाही. अहो, कोल्हापुरी घेताना आपण आवळच घेतो ना, पायाला येते म्हणून? मग स्केटचा बूट तेवढा मोठा का? ब्लेड जेमतेम 4 मिलिमीटर जाडीचं, खालून खोलगट घासलेलं, म्हणजे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा. वळायचं ते यातल्या एका कडेवर भार देऊन. पाय बुटात अर्धा सेंटिमीटर जरी सरकला, तरी घोटा कलतो आणि ब्लेड मात्र सरळच राहतं. जाड मोजे या जागेत भरतात खरे, पण अंगाचा भार पडला की दबतात आणि टाच उचलायला लागते. टाचेला फोड येतो. मग माणूस नाडी आणखी करकचून आवळतो, रक्त अडतं, पाऊल बधिर आणि गार पडतं. वर घोट्यापाशी रिकाम्या जागेत चामडं दुमडून कायमची घडी पडते. घडी पडलेला बूट घोट्याला आधार देत नाही, म्हणजे ती जोडी कामातून गेली. वाचवलेले पैसे गेले कुठे?

माप असं घ्यायचं. संध्याकाळी, पातळ मोजा घालून, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायचं आणि सगळ्यांत लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. दोन्ही पावलांचं वेगळं, आणि मोठं असेल ते धरायचं. रोजच्या बुटाचा नंबर विसरा. फिगर स्केटचा बूट बहुधा त्याहून एक ते दीड नंबर लहान निघतो. जन्मभर चप्पल वापरलेल्या आपल्या पावलांचा पंजा पसरट असतो, तेव्हा लांबी वाढवून रुंदी मिळवायची नाही, रुंद माप मागायचं. जॅक्सन आणि एडिया या स्केट्स बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे रुंदीची वेगळी मापं असतात. बूट चढवून टाच मागे ठोकायची, बोटांकडे सैल, पावलाच्या उंचवट्यापासून घोट्यापर्यंत घट्ट आणि वरच्या हुकांना एक बोट जाईल इतकी ढिली नाडी बांधायची. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे निसटती लागली आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली, की माप बरोबर. घोट्याचं हाड बोचलं तर तेवढीच जागा फुगवून घेता येते. मोठा बूट लहान करता येत नाही.

'श्रीमंती चोचले' म्हणे! लेखात नवी महाग जोडी घ्या असं कुठे आहे, दाखवा. वापरलेली घ्या, असंच लिहिलंय. फक्त घोट्याला घडी नको, ब्लेड रिव्हेटचं (खिळ्यांनी कायमचं ठोकलेलं) नको, स्क्रूचं हवं, म्हणजे पुढे बदलता येतं. ब्लेड वर करून दोन्ही कडांवर नाणं आडवं ठेवा. ते कललं तर कडा वर-खाली आहेत. विकणारा तळाचा फोटो द्यायला टाळत असेल तर ती जोडी सोडून द्या. वजनदार माणसाला पोरांच्या मऊ बुटापेक्षा कडक बूट लागतो, पण उड्यांसाठीचा अतिकडकही नको, त्यात घोटा वाकतच नाही.

धारेचं थोडक्यात: सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा तळाची खोलगट रेघ सपाट करून देईल, वर ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दात घासेल ते वेगळंच. विषय संपला.

पुन्हा लिहायचं असेल तर दोन्ही पावलांची मापं मिलिमीटरमध्ये कळवा, जोडी निवडायला मदत करीन. टोमण्यांना मात्र यापुढे उत्तर मिळणार नाही.