नेवाडाचे रानघोडे आणि ‘निसर्गावर सोडा’ हा दावा

अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकार हेलिकॉप्टरने हाकून रानघोडे पकडते, त्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. डोक्यावर घरघरणारे हेलिकॉप्टर, खाली धुळीचे लोट उडवत पळणारा कळप आणि आईच्या मागे धडपडणारे शिंगरू एवढे पाहिले की कोणाच्याही पोटात कालवते. या चित्रफितींसोबत जो दावा केला जातो तो थोडक्यात असा: घोडे फार झाले आहेत हे सरकारी थोतांड आहे, गुरांच्या बड्या मालकांना कुरणे मोकळी करून देण्यासाठी ते रचले गेले आहे, घोडा हा मूळचा तिथलाच प्राणी आहे, आणि माणसाने हात काढून घेतला तर निसर्ग त्यांची संख्या आपोआप आटोक्यात ठेवील. या दाव्यात जे खरे आहे ते मी नाकारणार नाही. परंतु त्यातून काढलेला ‘हात लावू नका’ हा निष्कर्ष घोड्यांच्याच जिवावर उठणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन त्याला उत्तर देत आहे.

आधी संख्येबद्दल. नेवाडा राज्यातील व्हेल्मा जॉन्स्टन यांनी 1950 च्या दशकात एका क्रूर धंद्याविरुद्ध रान उठवले. विमाने आणि मालमोटारी मागे लावून रानघोडे पकडायचे आणि ते कत्तलखान्यांना विकायचे, असा तो धंदा होता. त्यांच्या प्रयत्नांमुळे 1959 मध्ये वाहनांनी घोड्यांचा पाठलाग करण्यावर बंदी आली, आणि 1971 मध्ये अमेरिकी काँग्रेसने रानघोडे व रानगाढवे यांना संरक्षण देणारा कायदा एकमताने मंजूर केला. त्या सुमारास सरकारी जमिनींवर दोन्ही मिळून सुमारे 25,000 जनावरे होती. या जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय विभागाने जमिनीला पेलवेल अशी जी कमाल संख्या ठरवली आहे, तीही 26,000 च्या आसपासच आहे. 2020 च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष अंदाज 95,000 वर पोचला होता. त्यानंतर हजारो घोडे पकडून हलवल्यावरही 2024 मध्ये तो सुमारे 73,500 होता. यांपैकी निम्म्याहून अधिक जनावरे एकट्या नेवाडात आहेत.

हे आकडे फुगवलेले आहेत, असे दावा करणारे म्हणतात. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी या विज्ञानसंस्थेच्या तज्ज्ञांनी 2013 मध्ये या संपूर्ण कार्यक्रमाची तपासणी केली, तेव्हा त्यांना नेमके उलटे आढळले: विभागाची मोजणी खऱ्या संख्येपेक्षा बरीच कमी भरत होती, आणि कळप दरवर्षी 15 ते 20 टक्क्यांनी वाढत होते. या वेगाने कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. त्याच अहवालाने विभागालाही सोडले नाही. ‘पेलवेल अशी संख्या’ कशाच्या आधारे ठरवली, हे विभागाला शास्त्रीयदृष्ट्या नीट दाखवता आलेले नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा 26,000 या आकड्यावर वाद जरूर घालावा. पण वाढीचा वेग मात्र वादातीत आहे, आणि मर्यादा दुप्पट धरली तरी तो वेग ती काही वर्षांत ओलांडतो.

आता ‘निसर्ग तोल सांभाळतो’ या वाक्याकडे वळतो, कारण सर्वांत जास्त टाळ्या यालाच मिळतात आणि सर्वांत जास्त नुकसानही हेच वाक्य करते. निसर्ग तोल सांभाळतो, हे खरेच आहे. प्रश्न तो कसा सांभाळतो, हा आहे. घोड्याला मारू शकणारा तिथला मुख्य शिकारी प्राणी म्हणजे प्यूमा, मार्जारकुळातला एक मोठा प्राणी. तो दबा धरून शिकार करतो, त्याला खडक आणि झाडी लागते. काही डोंगराळ भागांत तो शिंगरे मारून कळपाची वाढ रोखतो, हे दिसून आले आहे. पण क्षितिजापर्यंत गुडघाभर सेजब्रशची झुडपे पसरलेल्या उघड्या माळावर त्याचे फारसे चालत नाही, आणि नेवाडात लांडग्यांचे कळप नाहीत. मग उरतात भूक आणि तहान.

2018 च्या मे महिन्यात अॅरिझोना राज्यातील नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या प्रदेशात, ग्रे माउंटन या ठिकाणी, गुरांसाठी खणलेल्या एका तळ्याकाठी सुमारे 190 घोडे मेलेले आढळले. (तो प्रदेश 1971 च्या कायद्याखाली येत नाही, पण तिथले घोडे असेच मोकळे फिरणारे आणि वाढत गेलेले होते.) दुष्काळात तळे आटत गेले आणि मधोमध ओलसर चिखल तेवढा उरला. पाण्याच्या वासाने आलेले घोडे त्या चिखलात उतरले आणि अशक्तपणामुळे पाय उपसून बाहेर येऊ शकले नाहीत. काही मांडीपर्यंत रुतले होते, काही मानेपर्यंत. मागून आलेले आधीच्यांच्या अंगावरून पुढे सरकले आणि तिथेच अडकले. शेवटी शवांवर चुना पसरून ते तळेच बुजवावे लागले. कोणी गोळी झाडली नव्हती, कोणी हेलिकॉप्टर आणले नव्हते, कोणी हातही लावला नव्हता. ‘निसर्गावर सोडणे’ म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही.

नॅशनल अकॅडमीच्या अहवालानेही हेच संयत भाषेत सांगितले होते: हस्तक्षेप थांबवला तर कळपांची वाढ कधीतरी थांबेल, पण ती अन्न संपल्यामुळे थांबेल. घोड्या रोडावतील, गर्भ कमी राहतील, शिंगरे आणि म्हातारी जनावरे आधी मरतील. शिवाय घोडा उपाशी मरण्याआधी जमीन मरते. घोड्याला वरच्या आणि खालच्या दोन्ही जबड्यांत पुढचे दात असतात, त्यामुळे तो गवत गाईपेक्षा खालून, मुळालगत कुरतडू शकतो. वर्षानुवर्षे उगवणारे झुपकेदार गवत असे संपले की त्या जागी चीटग्रास हे बाहेरून आलेले तण माजते. ते उन्हाळ्याच्या तोंडीच वाळते आणि पेट घेते. एकदा ते बसले की जुने गवत परत आणायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

तिसरा मुद्दा गुरांचा. हा दाव्यातला सर्वांत सबळ भाग आहे, आणि माझे याबाबतीत दावा करणाऱ्यांशी फारसे भांडण नाही. हा विभाग सुमारे 15.5 कोटी एकर सरकारी जमिनीवर गुरे चारण्याचे परवाने देतो. रानघोड्यांसाठी राखलेले क्षेत्र अडीच कोटी एकरांच्या घरात आहे आणि त्यातही बहुतेक ठिकाणी गुरे चरतातच. चराईचे शुल्क 2019 पासून 2025 पर्यंत गाय-वासराच्या एका जोडीला महिन्याला 1.35 डॉलर होते, म्हणजे जवळजवळ फुकटच. राखीव क्षेत्रात चारा कमी पडला तर आधी गुरांचे परवाने कमी करावेत आणि मग घोड्यांकडे पाहावे, असेच माझेही मत आहे. परंतु गुरे काढली की प्रश्न मिटेल, हे खरे नाही, आणि याचा अनुभव प्रत्यक्ष घेऊन झाला आहे. वायव्य नेवाडातील शेल्डन वन्यजीव अभयारण्यातून 1990 च्या दशकात गुरे पूर्णपणे हटवली गेली. घोडे राहिले आणि वाढत गेले. पुढे संशोधकांनी तिथल्या काही तुकड्यांना कुंपण घालून घोडे बाहेर ठेवले, तेव्हा कुंपणाच्या आतील माती भुसभुशीत व टिकाऊ राहिली आणि सेजब्रशही अधिक दाट झाले. बाहेरची माती टापांनी घट्ट होत गेली. गुरे हंगाम संपला की मालक हलवतो. घोडा बारा महिने त्याच पाणवठ्यावर असतो.

घोडा मूळचा तिथलाच, हा मुद्दा थोडक्यात आटोपतो. घोड्याचा वंश उत्तर अमेरिकेतच विकसित झाला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसा झाला आणि 1519 मध्ये स्पॅनिश जहाजांतून त्या भूमीवर परतला. म्हणून त्याला परका म्हणणे मलाही पटत नाही. पण तो परतला तेव्हा त्याच्यासोबतचे जुने शिकारी प्राणी परतले नाहीत, आणि आज त्याच्या वाटेवर कुंपणे आणि महामार्ग आहेत. मूळपणाच्या दाखल्याने पाणवठ्यात पाणी वाढत नाही.

उरतो हेलिकॉप्टरचा हाका. तागाच्या कापडाच्या दोन लांब भिंती नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत कोंडवाड्याकडे जातात. कळप तोंडाशी आला की एक शिकवलेला घोडा सोडतात, तो धावत आत शिरतो आणि घाबरलेला कळप त्याच्यामागे आत जातो. यात घोडे जखमी होतात, काही मरतात, वर्षानुवर्षांची कुटुंबे विखुरतात. पकडलेल्या 60,000 हून अधिक जनावरांना सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आयुष्यभर पोसावे लागते आणि कार्यक्रमाचा जवळजवळ दोन तृतीयांश पैसा त्यातच जातो. 2022 मध्ये कोलोरॅडोतील कॅनन सिटीच्या कोंडवाड्यात इन्फ्लुएन्झाची साथ येऊन 140 हून अधिक घोडे दगावले. ही पद्धत चांगली आहे, असे मी म्हणणार नाही.

‘मग लस आहे ना’ असे यावर म्हटले जाते. आहे, आणि माझ्या मते पुढचा रस्ता तिच्यातूनच जातो. पीझेडपी ही लस डुकरिणीच्या अंडाशयातील प्रथिनापासून बनते. ती दिल्यावर घोडीच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होतात की शुक्राणू बीजाला चिकटू शकत नाही. अटलांटिक किनाऱ्यावरील अॅसटीग बेटाच्या मेरीलँड भागात 1994 पासून ती वापरली गेली. कर्मचारी पायी कळपाजवळ जातो, थोड्या अंतरावरून हवेच्या बंदुकीने घोडीच्या पुठ्ठ्यावर बाण मारतो, बाण आपोआप गळून पडतो आणि तो उचलून नोंद करतो. प्रत्येक घोडी अंगावरच्या अबलख डागांवरून, कपाळाच्या टिळ्यावरून, पांढऱ्या पायांवरून ओळखता यावी लागते, कारण लशीचा परिणाम साधारण वर्षभर टिकतो आणि पुढच्या वर्षी तीच घोडी शोधून पुन्हा टोचावी लागते. तिथला कळप 170 च्या पुढे गेला होता, तो आता शंभराच्या आत आहे. मात्र त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, कारण विणीच्या आणि दुधाच्या ओझ्यातून सुटलेल्या घोड्या पुष्कळ जास्त जगतात. लस जन्म थांबवते. आधीच जन्मलेल्यांचा चारा ती कमी करत नाही.

म्हणून शंभर-दीडशेच्या, माणसाला सरावलेल्या कळपात आज लस सुरू केली तर तिथे हेलिकॉप्टर बहुधा कधीच आणावे लागणार नाही. पण नेवाडाच्या एखाद्या तालुक्याएवढ्या क्षेत्रात, माणूस मैलावर दिसला तरी उधळणारे दोन हजार घोडे असतील, तर तिथे एकदा हाका घालणे अटळ आहे, आणि त्या हाक्यातून परत सोडलेली प्रत्येक घोडी लस टोचूनच सोडली पाहिजे. तसे झाले नाही तर चार-पाच वर्षांनी तेच हेलिकॉप्टर त्याच दरीत परत येते, आणि आजवर बहुतेक ठिकाणी तसेच होत आले आहे. ज्यांना त्या चित्रफिती पाहून खरोखर दुःख होते त्यांनी विभागाला हाका थांबवायला सांगण्याऐवजी मागच्या हाक्यात किती घोड्यांना लस दिली आणि या वर्षी त्यांतल्या किती पुन्हा टोचल्या, याचा हिशेब मागावा.