विकतचा मोथा

टायगर नट हे नाव ऐकून मला वाटलं अक्रोडाच्या खानदानातलं काहीतरी असेल. मुलीने ऑनलाइन पाकीट मागवलं होतं, सुपरफूड म्हणे, आत हरभऱ्याएवढे सुरकुतलेले तपकिरी दाणे, चव खोबरं आणि बदामाच्या मधे कुठेतरी, पण दोन चावले आणि माझ्या दाढेची कॅप हलली, म्हणून उरलेले बागेत लावायचं ठरवलं. (रिटायर माणसाला बाग म्हणजे कपाटच असतं, नको ते तिकडे.) मग वाचून कळलं की हे नट-बिट काही नाही, एका गवतासारख्या झाडाचे कंद आहेत, इजिप्तमधे हजारो वर्षांपासून खातात आणि स्पेनमधे व्हॅलेन्सियाला याचं गारेगार दूध काढून पितात, ओरचाता म्हणतात त्याला. म्हटलं पोहे-जलेबीवर प्यायला काय हरकत आहे.

जूनमधे पहिला पाऊस झाल्यावर 40 कंद 24 तास भिजवले आणि इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरामागच्या वाफ्यात लावले. हिरवीगार पाती आली. मी रोज चहाचा कप घेऊन तिथे उभा. एक दिवस माळी आला, बघून गप्पच झाला, मग म्हणाला, "बाबूजी, ये तो मोथा है. हम खेत से निकाल-निकाल के बुड्ढे हो गए, आप पैसे दे के लाए?"

मी त्याला समजावलं की मोथा, म्हणजे ते शेतातलं तण, वेगळा आणि हे वेगळं. खरं तर दोघं चुलतभाऊ, दांडा दोघांचाही तिकोनी, पण याचा तुरा पिवळसर आणि मोथ्याचा तांबूस-तपकिरी. ते बरोबरच होतं, पण ऑगस्टमधे तुरे आले तेव्हा वाफ्यात दोन्ही रंग सुखाने नांदत होते. म्हणजे दोन महिने मी प्रेमाने पाणी कोणाला घालत होतो देव जाणे.

चार महिन्यांनी पाती पिवळी पडली की काढायचे. यासाठी भुसभुशीत रेताड माती हवी, आणि आमच्याकडे माळव्याची काळी. "मालव माटी गहन गंभीर" म्हणतात ते कौतुकाने म्हणत असतील, मी ऑक्टोबरमधे खुरपं घेऊन बसलो तेव्हा मला तिचा गंभीरपणा कळला. ओली असेल तर सोडत नाही, वाळली तर कुदळीलाही दाद देत नाही. एकेक कंद चिखलाचा लाडू होऊन बाहेर यायचा. पाइपने धुवावं तर बारके कंद थेट नालीत, म्हणून स्वयंपाकघरातनं चाळणी आणली, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, ती रव्याची आहे!" तीन तास उकिडवं बसून उठलो तेव्हा पाय माझे आहेत की वाफ्याचे ते कळेना.

आणि ढिगात मोथाही आलेला. शेवटी आईने सूत्रं हातात घेतली, वय 84, पाटावर बसून एकेक कंद नखाने फोडून नाकाशी न्यायची, "हा गोड. हा नागरमोथा." मग तिनेच दाखवलं की आपला कंद मुळीच्या टोकाला एकटा लटकतो आणि मोथ्याचे एकामागे एक ओवल्यासारखे असतात. हे आधी सांगितलं असतं तर! "तू विचारलंस का?"

गोड निघाले साडेतीन वाट्या. दिवसभर भिजवून मिक्सरमधे वाटले, फडक्यातनं गाळले, साखर-दालचिनी घातली, फ्रिजमधे ठेवलं. मला आवडलं हो. बायको म्हणाली पातळ पियुष आहे. शेजारच्या काकूंनी घोट घेतला, विचार केला आणि म्हणाल्या, "थोडं जिरावण भुरभुरवलं तर?" इंदूरमधे या पोह्यांवरच्या मसाल्यापुढे अपील नाही.

नागरमोथा मात्र आईने फेकू दिला नाही. गच्चीवर वाळवला, कुटला, आणि नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता उटण्यात घालून माझ्याच पाठीवर चोळला. वास उत्तम होता.

यंदा पहिल्या पावसानंतर वाफ्यात, विटांच्या फटीत, तुळशी वृंदावनात सुद्धा, सगळीकडे तिकोनी दांडे वर आलेत. माळी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, इस बार तो भिगोना भी नहीं पड़ा."