‘स्पष्टवक्ता’ यांस, चहाबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी राग जरा उतरला होता, म्हणून आता लिहायला बसले. स्वतःचं नाव झाकून ‘स्पष्टवक्ता’ म्हणवून घेणं सोपं असतं, एवढं आधी नोंदवते. नोंद खरी असावी असं तुमचंच म्हणणं आहे ना?

इतरांसाठी थोडक्यात. परिचारिका असताना नाइटला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर श्वासाच्या रकान्यात मी कित्येकदा न मोजताच ‘२०’ लिहिलं, अशी कबुली मी मागच्या लेखात दिली होती. यांचं म्हणणं, ही सरळ फसवणूक आहे. सकाळचा डॉक्टर त्याच आकड्यावर विसंबतो. मी दिलेलं परिचारिका आणि रुग्णांचं प्रमाणही चुकीचं आहे. आणि मग हे वाक्य: ‘सिस्टरांना चहाला वेळ मिळतो, श्वास मोजायला मिळत नाही!’

प्रमाणाबद्दल तुम्ही बरोबर आहात. भारतीय परिचर्या परिषदेचा तिघांमागे एक हा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयांचा; साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. मी सरसकट तीन लिहिलं, ते दुरुस्त केलं आहे. आमच्या वॉर्डात ५२ पेशंटांना आम्ही दोघी होतो. तीन धरा की पाच धरा, तुम्हीच भागाकार करा.

आता चहा. रात्री दोनच्या सुमाराला मावशी हीटरवर चहा ठेवायच्या. माझ्या कपावर बशी झाकलेली असायची आणि बशी उचलेपर्यंत साय धरलेली. तो गार चहा मी रिपोर्ट बुक लिहिता लिहिता, उभ्यानं प्यायले आहे. २९ वर्षं. तुम्ही वॉर्ड पाहिला असेल तर तो भेटीच्या वेळेत, नारळपाणी घेऊन. फरशीवर गादी टाकलेल्या पेशंटची सलाईन मोबाइलच्या उजेडात बघत फिरलात कधी? नाही ना? मग चहाचा हिशेब मागू नका.

आणि हिशेबच हवा असेल तर घ्या. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, असं आम्हाला शिकवलं. रात्री आठ ते सकाळी आठ, दर चार तासांनी एक फेरी, म्हणजे तीन फेऱ्या. ५२ गुणिले तीन, १५६ मिनिटं, अडीच तासांच्या वर, आणि तेही नुसते श्वास. श्वास नियमित असेल तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट करतात, तरी सव्वा तास जातोच. इंजेक्शनं, युरिन बॅगा, नवीन अॅडमिशन, सगळं त्यानंतर. यात कपभर चहाची पाच मिनिटं शोधून दाखवणारा माणूस धन्यच म्हणायचा.

एकदा मी त्या रकान्यात ‘मोजले नाही’ असं लिहिलं होतं. खरं तेच. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘असं लिहितात का? उद्या केस झाली तर?’ नवा कागद आणून अख्खा चार्ट पुन्हा उतरवून घेतला, श्वास वीस. मला नोकरीत दोन मेमो मिळाले, दोन्ही रिकाम्या चौकटींबद्दल. ‘वीस’बद्दल कधीच कुणी विचारलं नाही. मागच्या लेखात मला हेच सांगायचं होतं. त्याला तुम्ही उदात्तीकरण म्हणता. वाचता येत नसेल तर त्याला मी काय करू?

प्रामाणिकपणा तर मला शिकवूच नका. मागच्या लेखात हेही लिहिलं होतं. ऑपरेशन झालेल्या एका पेशंटचं बीपी रात्री दोनला ९०/६० झालं. मी २.१० ला कॉल दिला, रेसिडेंट डॉक्टर ३.४० ला आले. सकाळी मला सांगण्यात आलं, ‘सिस्टर, कॉलची वेळ साडेतीन करा.’ मी केली नाही. केसपेपरवर २.१० तसंच राहिलं. पुढचे दोन महिने मला सलग नाइट लागल्या, तेव्हा माझी धाकटी पहिलीत होती. यावर तुम्ही लिहिता, ‘एका रात्रीच्या हिमतीनं रोजचे खोटे वीस माफ होत नाहीत.’ माफी मागितली कुणी?

राहिला सकाळच्या डॉक्टरचा मुद्दा. धाप लागलेला माणूस घड्याळाशिवायही कळतो. नाकपुड्या फुलतात, बोलताना वाक्य तुटतं. दर वेळी कळतो असा माझा दावा नाही. एकदा कळला नव्हता. पण तो विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

रुग्णालय कोणतं, ते सांगणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली तिथं अजून ड्यूटीवर आहेत. तुमची पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच ठेवीन.